राहुटीचा प्रश्न क्षुल्लक नव्हे

कायदा, कर आणि कारभार यांवर लिहिण्याची ज्यास सवय, त्या संपादकाने एखादे दिवशी तंबूचे कापड, खांब आणि मेखा यांवर स्तंभच्या स्तंभ खर्च केले म्हणजे वाचकांस थोडे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. तंबू हा लग्नाच्या मांडवाचा, सर्कशीचा किंवा फार तर लष्कराचा विषय. त्याचा लोकहिताशी संबंध काय, असा प्रश्न आमचे कित्येक व्यापारी स्नेही विचारतील. त्यांस आमची एकच विनंती आहे. उसाच्या हंगामात नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याने निघावे, अर्धापूर मागे टाकून कळमनुरी तालुक्यातील डोंगरकड्यापर्यंत जावे, आणि गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंस नीट पाहावे. एका अंगास केळीच्या बागा, दुसऱ्या अंगास उसाचे फड, शिवारात हळद; पाहणाऱ्याचे मन प्रसन्न व्हावे अशी ही जमीन आहे. मात्र जो मनुष्य तो ऊस तोडतो, त्याचे घर कोठे आहे असे विचाराल तर एखाद्या पडीक तुकड्यावर बांबू वाकवून त्यांवर फाटकी ताडपत्री, जुने खताचे पोते व पाचट टाकून केलेली कोपी लोक आपणांस दाखवतील. कमरेत वाकल्यावाचून तीत शिरता येत नाही, आणि शिरल्यावर उभे राहता येत नाही.

ही स्थिती एकट्या डोंगरकड्याची नव्हे. जेथे जेथे साखर कारखान्याचे धुराडे उभे आहे, तेथे तेथे हंगामात अशा कोप्यांची वस्ती उभी राहते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी, जालना, हिंगोली अशा जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीस एक कोयता म्हणण्याची रीत आहे. जणू माणसे दोन नसून एक हत्यारच! या पाच-सहा महिन्यांत त्या कोपीवर मार्गशीर्ष-पौषातील थंडी येते, चैत्राचे ऊन येते आणि मध्येच अवकाळी पाऊसही येतो. 2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिने पक्क्या घरांची कौले व उभी पिके यांची काय दशा केली हे आमचे वाचक विसरले नसतील. कौलाची जेथे ही गत, तेथे कोपीची काय कथा? तान्हे मूल कोपीत ठेवून आई पहाटे फडात जाते, हे ज्याने एकदा पाहिले त्यास राहुटीचा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही.

येथे कोणी म्हणेल की, ही गोष्ट दारिद्र्याची आहे, तंबूच्या रचनेची नव्हे. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. दारिद्र्य एका हंगामात नाहीसे होणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु टिकाऊ कापडाची, दोन माणसांनी अर्ध्या तासात उभी करावी अशी राहुटी तयार करणे ही आज साध्य असलेली गोष्ट आहे. तिची विद्या परकी नाही, तिचा माल परका नाही, आणि तिचा खर्चही कोणा कारखान्यास जड जाईल असा नाही. जी गोष्ट साध्य असून होत नाही, तिच्याबद्दल दैवास बोल लावण्यात पुरुषार्थ नाही. दोष लोकांच्या इच्छेचा असतो, आणि लोकांची इच्छा जागी करणे हेच वर्तमानपत्राचे काम होय.

प्रथम विद्येचा विचार करू. तंबूची विद्या या देशास नवीन नाही. अकबर बादशहाचा एक तळ हलवावयास शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत, असे आईन-इ-अकबरीत नमूद आहे. हे वैभव खरे. पण ते राजाच्या ऐषआरामाचे वैभव होते. आमच्या लोकांची खरी विद्या निराळीच आहे. गावोगाव फिरणाऱ्या भटक्या जमातींचे पाल पाहा. चार काठ्या, एक जाड कापड, थोडी दोरी; गाढवाच्या पाठीवर सारे बिऱ्हाड मावते व घटकाभरात संसार उभा राहतो. त्याहून मोठे उदाहरण पंढरीच्या वारीचे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे अठरा-वीस दिवस वाटचाल करते. माउलींच्या मुक्कामाचा तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतो ही परंपरा प्रसिद्ध आहे. त्याखेरीज प्रत्येक दिंडीचे आपले तंबू असतात. ते सकाळी उतरतात, गाडीत चढतात, दिंडी पोचण्यापूर्वी पुढच्या गावी उभे राहतात. आणि हा क्रम पावसाळ्याच्या तोंडावर, चिखलात, रोज चालतो. तंबू लवकर कसा उभारावा याची परीक्षा घ्यावयाची असल्यास विलायतेस जाण्याचे कारण नाही. आषाढात पुणे-पंढरपूर रस्त्यावर जाऊन बसावे.

खुद्द हिंगोलीचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. निजामशाहीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथे होती, ती 1903 साली उठली. तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे शहरात अद्याप शिल्लक आहेत. त्या काळी लष्करी राहुट्यांचा जो नमुना हिंदुस्थानभर रूढ झाला, त्याचे नावच मुळी युरोपियन शिपायांसाठीचा हिंदी नमुना असे होते. इंग्रजी आद्याक्षरांनी तो ई. पी. आय. पी. तंबू म्हणून आजही सरकारी भांडारांत ओळखला जातो. या नमुन्यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. गोऱ्या शिपायास येथील ऊन सोसत नाही हे ओळखून त्यास दुहेरी छत दिले गेले. वरच्या कापडाने ऊन अडवावे, दोन कापडांमधल्या पोकळीतून वारा खेळावा, आणि खालच्या छताखाली माणसाने निवांत बसावे, अशी ती योजना. परक्या सरकारने आपल्या शिपायाची एवढी काळजी वाहिली. आणि स्वराज्यात आपल्या शेतमजुरास इकडचे एकेरी छतही धड मिळू नये, ही तुलना आम्हांस लाजिरवाणी वाटते.

आता परदेशातील एक दाखला देतो. तो कायदेपंडितांस व व्यापाऱ्यांस सारखाच बोधप्रद आहे. अमेरिकेच्या सैन्यात हेन्री हॉपकिन्स सिब्ली नावाचा एक अधिकारी होता. टेक्सासच्या सरहद्दीवर चाकरी करीत असता त्याने तेथील मूळ रहिवाशांचे शंकूच्या आकाराचे डेरे पाहिले. त्यावरून त्याने एक राहुटी रचली आणि 1856 साली तिचे पेटंट घेतले. तळाशी अठरा फूट व्यास, उंची बारा फूट, मधोमध एकच खांब, तोही लोखंडी तिपाईवर उभा. तिपाईखाली शेगडी, धूर जाण्यास शेंड्याशी वाट. बारा माणसे तीत झोपत. कोणत्याही दिशेचा वारा आला तरी गोल अंगावरून निसटून जाई, आणि खांब एकच असल्याने उभारणीस वेळ लागत नसे. सरकारने दर राहुटीमागे पाच डॉलर देण्याचा करार केला. पुढे यादवी युद्ध पेटले. सिब्ली बंडखोर राज्यांस जाऊन मिळाला, आणि संघ सरकारने त्या नमुन्याच्या सुमारे 44,000 राहुट्या केल्या, त्यांबद्दल त्याच्या हाती काही पडले नाही. तो 1886 साली विपन्नावस्थेत वारला.

लोक सिब्लीबद्दल हळहळतात. आम्हांस हळहळ वाटते ती ज्यांच्या डेऱ्यावरून त्याने नमुना उचलला त्यांच्याबद्दल. कारण त्यांचे नाव पेटंटाच्या कागदावर कधी चढलेच नाही. योगायोग असा की, हिंदुस्थानात शोधांच्या हक्काचा पहिला कायदा झाला तोही 1856 सालीच. आणि त्याखाली पहिला अर्ज आला तो पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल कलकत्त्याहून. साहेबाच्या डोक्यावरच्या वाऱ्याची चिंता तेव्हाही आधी झाली! आज आपला 1970 सालचा पेटंट कायदा आहे, आणि परंपरेने चालत आलेल्या ज्ञानाची नुसती नक्कल म्हणजे शोध नव्हे, असे त्यात पुढील दुरुस्तीने स्पष्ट केलेले आहे. ही तरतूद योग्य आहे. पालाची किंवा कोपीची कल्पना कोणा एकाची मालमत्ता होऊ नये. परंतु तिच्या पायावर जो कारागीर खरोखर नवा सांधा, नवी मेख किंवा नवी घडी शोधील, त्यास कायद्याचे संरक्षण घेता येते; पेटंटाची मुदत वीस वर्षांची आहे. आमच्या तरुण कारागिरांनी वकिलाकडे फक्त जमिनीच्या तंट्यासाठी जावे असा नियम नाही.

मग अशी राहुटी कशी असावी? आम्ही शिवणकाम जाणत नाही. तथापि जाणत्यांकडून जे समजले आणि बुद्धीस जे पटले ते सांगतो.

पहिली गोष्ट कापडाची. सुती कॅनव्हास भिजला म्हणजे त्याचे तंतू फुगतात व विणीतील छिद्रे आपोआप बुजतात. म्हणून घट्ट विणीचे चांगले सुती कापड पावसात गळत नाही, उन्हात मात्र श्वास घेते. प्लास्टिकची ताडपत्री पाणी अडवते खरी, पण आतली वाफही अडवते. रात्री माणसांच्या श्वासाचे पाणी आतून ठिबकते, दुपारी भट्टी होते, आणि उन्हाने ती एक-दोन हंगामांत चिरफाळते. सुती कापडास मोठा शत्रू एकच, तो म्हणजे ओल. ओले कापड घडी करून ठेवले की त्यास बुरशी लागते व ते कुजते. सबब कापडास बुरशी व आग या दोहोंविरुद्ध प्रक्रिया केलेली असावी. चूल जवळ असते तेथे आगीची भीती काल्पनिक नव्हे. सुतात पॉलिएस्टर मिसळल्याने वजन कमी होते आणि आयुष्य वाढते, असाही अनुभव आहे.

दुसरी गोष्ट दोरीची व मेखेची. सुती किंवा अंबाडीची दोरी ओली झाली की आखडते. रात्री दव पडून तणावे इतके ताणतात की मेखा उपटतात किंवा शिवण उसवते. म्हणून जुने फरास संध्याकाळी तणावे थोडे सैल करून ठेवीत. आजच्या कृत्रिम दोऱ्यांनी हा त्रास पुष्कळ टळतो. मेख तंबूच्या उलट दिशेस कललेली ठोकावी. शिवाय आमच्या काळ्या जमिनीचा स्वभाव ओळखावा. ती कोरडी असता दगडासारखी, आणि भिजली की लोण्यासारखी. तिच्यात लहान मेख टिकत नाही. लांब, रुंद पात्याची लोखंडी मेखच पाहिजे. विलायती डोंगरावर चालणारा तंबू नांदेड-हिंगोलीच्या रानात चालेलच असे समजू नये.

तिसरी गोष्ट आकाराची. शंकूच्या आकारात वारा चांगला सोसतो, पण कडेची जागा फुकट जाते. कडेने कमरेइतकी उभी कनात दिली तर तीच जागा उपयोगी पडते. आपत्तीच्या वेळी निवारा देणाऱ्या संस्थांनी जगभर मान्य केलेल्या स्फिअर मानकाप्रमाणे दर माणशी किमान साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा असावी. पाच माणसांच्या कुटुंबास हे साडेसतरा चौरस मीटर होतात. सिब्लीच्या राहुटीचे क्षेत्रफळ सुमारे 254 चौरस फूट, म्हणजे साडेतेवीस चौरस मीटरांच्या आसपास भरते. यावरून एका कुटुंबास पुरेशी राहुटी म्हणजे राजवाडा नव्हे, हे दिसून येईल. तीत सरळ उभे राहता यावे, स्त्रियांस आडोसा असावा, चुलीचा धूर बाहेर जावा, आणि कापडाच्या तळाशी माती लोटण्यास झालर असावी, म्हणजे वारा, पाणी व सरपटणारे प्राणी आत येणार नाहीत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दुरुस्ती. जी वस्तू गावच्या शिंप्यास शिवता येत नाही व गावच्या लोहारास घडवता येत नाही, ती गरिबाच्या घरी एकदा मोडली की कायमची मोडली. म्हणून खांब, कड्या व मेखा एकाच मापाच्या, सुट्या मिळणाऱ्या असाव्यात. सारे ओझे बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या एका कोपऱ्यात बसावे, आणि नवरा-बायकोस तिसऱ्याची मदत न घेता ते उभारता यावे.

विद्येनंतर मालाचा विचार. मराठवाडा हा कापसाचा मुलूख आहे. डोंगरकड्याहून जवळच असलेल्या नांदेडात मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाचे कापड तयार करते. हे काम सोपे नाही. राष्ट्रध्वजास भारतीय मानकांतील पहिला क्रमांक दिलेला आहे. सूत, वीण, वजन, रंग यांत कसूर झाली तर माल नापसंत होतो. त्याच नांदेडात श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्र शिकवले जाते. जे शहर राष्ट्रध्वजाचे कापड विणते, त्यास राष्ट्राच्या मजुराच्या छताचे कापड विणता येणार नाही काय? विणकर आहेत, शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, मांडववाले व शिंपी आहेत; एकमेकांची गाठ मात्र कोणी घालून दिलेली नाही. ती गाठ घालणे हे व्यापाऱ्यांचे काम आहे, आणि त्यात त्यांचा तोटा नाही.

खर्चाचा हिशेब व्यापाऱ्यांच्याच भाषेत मांडू. उदाहरणार्थ असे धरा की एक बरी राहुटी दहा हजार रुपयांस पडली आणि चार हंगाम टिकली. म्हणजे दर हंगामास अडीच हजार. एका जोडीने हंगामात दोनशे टन ऊस तोडला असे धरल्यास टनामागे साडेबारा रुपये येतात. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर टनास 3,400 रुपये होता. म्हणजे शेकडा अर्ध्या रुपयाचीही ही गोष्ट नाही. आकडे थोडे इकडेतिकडे करा, किंमत दीडपट धरा. तरी निष्कर्ष बदलत नाही. एवढ्या खर्चाने ज्यांचे दिवाळे निघेल, त्यांचा धंदा मुळातच डबघाईस आलेला असला पाहिजे.

कायद्याबद्दलही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. परराज्यात नेलेल्या मजुरास योग्य निवास मिळावा अशी तरतूद 1979 सालच्या स्थलांतरित कामगार कायद्याने केली होती. परंतु तो कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता. बीडहून कर्नाटकात गेलेला मजूर त्याच्या कक्षेत येई, आणि बीडहून हिंगोलीस किंवा कोल्हापुरास आलेला बाहेर राही. पाऊस मात्र जिल्ह्याची व राज्याची हद्द विचारून पडत नाही! राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे, हे पाऊल स्वागतार्ह होय. त्याने राहुटीचा एक प्रमाण नमुना ठरवावा, तो मजुरांकडून, विशेषतः स्त्रियांकडून, एक हंगाम वापरून घ्यावा, आणि त्यांच्या तक्रारी ऐकून मगच पक्का करावा. कचेरीत बसून काढलेला नमुना कचेरीतच उभा राहतो, असा आजवरचा अनुभव आहे.

यावर आणखी एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका लेखत नाही. चांगली राहुटी दिलीत म्हणजे मजुरास कायमचे भटके ठेवण्याची सोय केलीत, असे काही विचारी लोक म्हणतील. त्यांस पक्की घरे, गावातच काम व मुलांस अखंड शाळा पाहिजे, हे आम्हांस शंभर वेळा मान्य आहे. राहुटी ही त्या मागणीचा मोबदला नव्हे. पण उद्याच्या घराची वाट पाहत आजचे मूल थंडीत कुडकुडत ठेवावे, हा न्याय आम्हांस समजत नाही. दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात, आणि केल्या पाहिजेत.

शेवटी, ज्यांस हा प्रश्न फक्त मजुरांचा वाटतो, त्यांनी थोडे स्मरण करावे. 1897 सालच्या प्लेगात घरदार सोडून रानात झोपड्या व राहुट्या टाकून राहण्याचा प्रसंग सावकारांवर व वकिलांवरही आला होता. 1993 सालच्या 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दगडी वाडे व मातीची घरे एकाच मापाने मोजली. आणि 2024 साली 21 मार्च व 10 जुलै या दोन दिवशी याच हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा पक्क्या छताखाली झोपलेली माणसे घाबरून अंगणात धावली. सुदैवाने त्या वेळी उघड्यावर राहण्याची पाळी आली नाही. पण यदाकदाचित येती, तर जिल्ह्यात तयार असलेल्या, लगेच उभ्या करता येण्याजोग्या राहुट्या किती होत्या? हंगामात मजुरास व आपत्तीत गावास उपयोगी पडेल असा साठा तालुक्याच्या ठिकाणी असणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. एकाच खर्चात दोन कामे होतात.

डोंगरकड्याच्या बाजूस या हंगामात जे वाचक जातील, त्यांनी गाडी थांबवून एका कोपीत वाकून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. आपल्या चहातील साखर कोणाच्या छताखालून आली हे कळले म्हणजे पुढचे काम आम्हांस सांगावे लागणार नाही.